दवाखान्याच्या दाराशी कोण बसते?



व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गड, स्वाऱ्या आणि तहनामे उभे राहतात. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. आमचे शाळेतले शिक्षण लवकर आटोपले. पुढे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा तहनाम्यांवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आज आम्ही एका खुर्चीचा इतिहास सांगणार आहो. ही खुर्ची सिंहासन नव्हे. ती डॉक्टरच्या खोलीबाहेर मांडलेली असते आणि तिच्यावर बसणारे माणूस रोग्याला नाडी, ताप, खोकला यांपैकी काहीच विचारीत नाही. ते विचारते की घरी कोण कोण आहे, पगार किती मिळतो, खोलीत खिडकी आहे काय, आणि औषध मध्येच का सोडले.

या माणसाला आज आपण वैद्यकीय समाजकार्यकर्ता म्हणतो. डॉक्टर आणि हा कार्यकर्ता यांनी मिळून एका कुटुंबाची काळजी वाहावी, ही कल्पना आता साधी वाटते. परंतु ती रुजावयास कित्येक वर्षे लागली आणि ती अद्याप पुरती रुजलेली नाही. असे का झाले, हे पाहावयाचे तर प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा लागतो: या खुर्चीवर बसणाऱ्याचा पगार कोण देत होते?

प्रारंभ लंडन शहरात करू. तेथे १८२८ साली विल्यम मार्सडेन नावाच्या एका शल्यचिकित्सकाने मोफत उपचारांची एक संस्था काढली. पुढे तिलाच रॉयल फ्री हॉस्पिटल हे नाव मिळाले. त्या काळी इतर धर्मादाय रुग्णालयांत शिरावयाचे तर वर्गणीदार धनिकाची शिफारसचिठ्ठी लागे. मार्सडेनने ती अट काढून टाकली. दार उघडे म्हटल्यावर गर्दी झाली, आणि गर्दी झाली म्हटल्यावर ओरड झाली. ऐपत असलेले लोक फुकट औषध उपटतात आणि डॉक्टरांचा धंदा बुडवितात, असे बोलले जाऊ लागले.

ही ओरड करणाऱ्यांत चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी ही मंडळी पुढे होती. ही संस्था १८६९ मध्ये निघाली. तिचे चिटणीस चार्ल्स लॉक यांचे मत असे की, विचार न करता केलेला दानधर्म गरिबाला आळशी करतो. म्हणून दान देण्यापूर्वी चौकशी झाली पाहिजे. त्यांच्याच आग्रहाने जानेवारी १८९५ मध्ये मेरी स्ट्युअर्ट या बाईंची रॉयल फ्री रुग्णालयात नेमणूक झाली. त्यांच्या हुद्द्याचे नाव ‘आल्मनर’. आल्म्स म्हणजे भिक्षा, दान. आपल्याकडे शिवकाळी दानधर्माचे खाते पाहणारा दानाध्यक्ष असे. त्याच जातीचा हा शब्द. पण या दानाध्यक्षबाईंचे पहिले काम दान देण्याचे नव्हते, दान अडविण्याचे होते. बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांतून ऐपतदार निवडून परत पाठवायचे, जे अगदीच निष्कांचन त्यांना गरिबांच्या कायद्याखालील अधिकाऱ्यांकडे धाडायचे, आणि मधल्यांना वर्गणीच्या दवाखान्यांत नाव घालण्यास सांगायचे. गरिबांचा कायदा म्हणजे वर्कहाउस, आणि वर्कहाउस म्हणजे तुरुंगाची धाकटी बहीण. पगाराचा भार सुरुवातीला त्या सोसायटीनेच उचलला. म्हणजे पगार पहारा बसविणाऱ्यांचा आणि काम पहारेकऱ्याचे, असा चोख व्यवहार होता.

पण माणूस रोज माणसांसमोर बसला की पहारा ढिला होतो. स्ट्युअर्टबाईंनी चौकशा केल्या तेव्हा फसवणूक गाजावाजा होता त्या मानाने फार थोडी निघाली. निघाले ते वेगळेच. डॉक्टरने ‘दूध घ्या, विश्रांती घ्या, कोंदट हवेत राहू नका’ असे सांगावे आणि रोग्याने मान डोलवावी. पण घरी दूध नाही, विश्रांती घेतली तर पगार नाही, आणि कोंदट खोलीखेरीज दुसरी खोली नाही. फुकट दिलेले औषध वाया जात होते, आणि त्याचे कारण लबाडी हे नव्हते, दारिद्र्य हे होते. चौकशीसाठी ठेवलेली वही हळूहळू मदतीची वही झाली. १९०५ मध्ये सेंट टॉमस रुग्णालयात ॲन कमिन्स या बाई आल्मनर म्हणून आल्या, तेव्हा क्षयरोग्यांच्या आणि बाळंतिणींच्या घरी जाऊन पाहणे हा त्या कामाचा मुख्य भागच होऊन बसला.

त्याच १९०५ साली अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेतील बोस्टन शहरी, हीच गोष्ट एका डॉक्टरच्या अंगाने घडली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉ. रिचर्ड कॅबट हे निदानात निष्णात म्हणून नावाजलेले. त्यांना जाणवले की आपण निदान अचूक करतो, उपाय अचूक सांगतो, आणि तरीही तोच रोगी तीच तक्रार घेऊन परत येतो. आपल्यासमोर रोगी एकटा उभा असतो. त्याच्या मागे घर आहे, कारखाना आहे, काळजी आहे, ते आपल्याला दिसत नाही. म्हणून त्यांनी गार्नेट पेल्टन नावाच्या परिचारिकेला नेमले. तिचे टेबल व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात. काही महिन्यांतच पेल्टनबाईंना स्वतःलाच क्षय झाला आणि त्यांना काम सोडावे लागले. त्यांच्या जागी १९०६ मध्ये आयडा कॅनन आल्या आणि १९४५ पर्यंत त्यांनी ते खाते चालविले. हा खर्च रुग्णालयाने प्रथम केला नाही. तो कॅबट यांनी स्वतःच्या शिरावर घेतला होता. रुग्णालयाने हे खाते आपले म्हणावयास १९१९ साल उजाडावे लागले.

दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. त्या रुग्णालयातल्या आहेत. परंतु गरिबाचा आजार रुग्णालयात सुरू होत नाही. तो घरी सुरू होतो, आणि त्याला प्रथम पाहतो तो पेठेतला, गल्लीतला डॉक्टर. त्या डॉक्टरच्या दाराशी ही खुर्ची कधी आली, हा आमचा खरा विषय.

ब्रिटनमध्ये १९११ साली लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा करून घेतला. मजुरीवर राबणाऱ्या कामगाराच्या पगारातून वर्गणी कापावयाची, मालकाने व सरकारने भर घालावयाची, आणि त्याच्या मोबदल्यात कामगाराचे नाव एका डॉक्टरच्या यादीत, म्हणजे पॅनेलवर, घालावयाचे. कामगाराला डॉक्टर मिळाला. पण त्याच्या बायकोला मिळाला नाही, मुलांना मिळाला नाही. नाव कुटुंबाच्या डॉक्टरचे आणि हिशोब एकट्या मिळवत्या पुरुषाचा! याचा परिणाम काय झाला ते १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या मार्जरी स्प्रिंग राइस यांच्या पुस्तकात वाचावयास मिळते. १,२५० विवाहित कामकरी स्त्रियांची पाहणी तीत आहे. पंडुरोग, डोकेदुखी, कंबरदुखी, दातांचे विकार अंगावर काढणाऱ्या या बायका. डॉक्टरकडे का गेली नाहीस म्हटले तर पैसे नाहीत आणि वेळही नाही. दिवसभर उभे राहून राबावयाचे आणि जेवताना स्वतःचे ताट शेवटी वाढावयाचे. आमच्या माताभगिनींना हे वर्णन परके वाटू नये.

कामगारांनी यावर आपल्यापुरते उत्तर शोधले होते. दक्षिण वेल्समधील ट्रेडेगर या कोळसा-पोलादाच्या गावी १८९० पासून कामगारांची वैद्यकीय साह्यमंडळी चालू होती. पगारातून पौंडामागे तीन पेन्स जात आणि त्यात कामगाराबरोबर त्याच्या घरच्या माणसांचीही सोय होई. डॉक्टर मंडळीचे पगारी नोकर, आणि मंडळीचा कारभार कामगारांच्या हाती. या गावचा अन्यूरिन बेव्हन नावाचा पोर तेराव्या वर्षी खाणीत उतरला. त्याचे वडील खाणीच्या धुळीने छाती भरून १९२५ मध्ये वारले. हाच बेव्हन १९४५ मध्ये ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला, आणि ट्रेडेगरला जे होते ते साऱ्या देशाला मिळावे या हट्टाने त्याने ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. आता कामगाराची बायको, त्याची पोरे, त्याची म्हातारी, साऱ्यांची नावे डॉक्टरच्या यादीत आली.

या एका दिवसाने आल्मनरबाईंचेही भाग्य पालटले. उपचारच मोफत झाला; मग कोणाची ऐपत किती हे विचारण्याचे कारण उरले नाही. त्र्याहत्तराव्या घरात... नव्हे, बावन्न-त्रेपन्न वर्षे मानेवर बसलेले पैसे मोजण्याचे काम उतरले आणि रोग्याची बाजू घेण्याचे काम तेवढे राहिले. नावही मागे पडले. १९६४ मध्ये त्यांच्या संस्थेने ‘आल्मनर’ हा शब्द टाकून ‘वैद्यकीय समाजकार्यकर्ता’ हे नाव घेतले.

तथापि या बाई बहुतेक ठिकाणी रुग्णालयातच बसून राहिल्या. पेठेतला डॉक्टर एकटाच होता. जोसेफ कॉलिंग्ज नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टराने इंग्लंडमधील अशा दवाखान्यांची पाहणी करून १९५० मध्ये अहवाल लिहिला. त्यात औद्योगिक वस्त्यांतील दवाखान्यांची दशा वाचून पुष्कळांना धक्का बसला. अपुरी जागा, रोग्यांची रांग, आणि डॉक्टरला क्षणाची उसंत नाही. अशा डॉक्टरने कोणाच्या घरची काय चौकशी करावी?

याला पहिला धडधडीत अपवाद स्कॉटलंडच्या एडिंबरो शहरातला. तेथे १७७६ मध्ये स्थापन झालेला एक जुना धर्मादाय दवाखाना होता. १९४८ मध्ये त्याच्या जागेत विद्यापीठाने डॉ. रिचर्ड स्कॉट यांच्या हाताखाली कुटुंबवैद्यकाचा एक विभाग काढला. विद्यार्थ्यांनी रुग्णालयातल्या खाटेऐवजी वस्तीतल्या घरात रोगी पाहावा, ही त्यामागील दृष्टी. या दवाखान्यात डॉक्टर, परिचारिका आणि आल्मनर असे तिघे एका छपराखाली काम करू लागले. स्कॉट यांना १९६३ मध्ये या विषयाचे प्राध्यापकपद मिळाले. जगातील कुटुंबवैद्यकाचे ते पहिले अध्यासन होय. १९५४ मध्ये मँचेस्टर येथे डार्बिशायर हाउस हे विद्यापीठाशी निगडित आरोग्यकेंद्र उघडले, तेथेही डॉक्टरांच्या शेजारी आल्मनरची खुर्ची आली.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा उत्तर लंडनच्या केंटिश टाउन या कामकरी वस्तीतला. तेथील कॅव्हरशॅम केंद्राचे डॉ. ह्यू फॉकनर हे पक्के समाजवादी आणि डॉक्टरांच्या युनियनचे कार्यकर्ते. (डॉक्टरांचीही युनियन असते हे ऐकून आमच्या कामगार बंधूंना बरे वाटेल.) या केंद्रात जर्मनीतून इंग्लंडात आलेल्या टिल्डा गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकारी जून नील यांनी १९६५ च्या सुमारास समाजकार्याचा प्रयोग मांडला आणि त्याची हकीकत १९७२ मध्ये ग्रंथरूपाने दिली. त्यातील दोन गोष्टी आम्हांस मोलाच्या वाटतात.

पहिली अशी की, जी माणसे साह्याच्या कचेरीची पायरी कधी चढली नसती ती डॉक्टरकडे सहज आली. कचेरीत जाणे म्हणजे आपण हात पसरले असे चार लोकांत दिसते. डॉक्टरकडे जाण्यात लाज नाही. नवऱ्याच्या दारूने त्रासलेली बाई डोके दुखते म्हणून येते, नोकरी गेलेला पुरुष झोप लागत नाही म्हणून येतो. शेजारच्याच खोलीत ऐकून घेणारे माणूस असले तर दुखण्याचे मूळ सापडते.

दुसरी गोष्ट डॉक्टरांविषयी. डॉक्टरांना प्रथम वाटे की ही बाई म्हणजे आपली मदतनीस. चिठ्ठी द्यावी आणि काम सांगावे. हळूहळू त्यांना कळले की हा वेगळा कसब असलेला सोबती आहे. आमच्या भाषेत सांगावयाचे तर, फिटरने वायरमनला हुकूम सोडून यंत्र चालत नाही. दोघांनी एकमेकांचे काम ओळखावे लागते. रोग्याने एकाला सांगितलेले दुसऱ्याला किती सांगावे, हाही नाजूक प्रश्न. तो रोज एकत्र बसून, रोग्याला विचारूनच सुटतो.

एवढे जमले असता पुढे गाडे अडले कोठे? १९६८ च्या सीबोम समितीने सगळी समाजकार्ये एका खात्यात आणावी असे सुचविले. हेतू चांगला होता. १९७१ पासून इंग्लंडमध्ये नगरपालिका-कौंटीची समाजसेवा खाती सुरू झाली आणि १९७४ मध्ये रुग्णालयांतील समाजकार्यकर्तेही त्यांच्या ताब्यात गेले. पगार खात्याचा झाला, तसे काम खात्याचे झाले. काही ठिकाणी डॉक्टरांशी जोड टिकली, पण पुष्कळ ठिकाणी कार्यकर्ता कचेरीत आणि डॉक्टर दवाखान्यात, मध्ये फॉर्म आणि टपाल. चार दशकांहून अधिक काळ गेल्यावर, २०१९ मध्ये, इंग्लंडच्या आरोग्यसेवेने पुन्हा कुटुंबाच्या डॉक्टरजवळ माणसे नेमण्याची योजना आखली. त्यांचे काम रोग्याला घरभाडे, कर्ज, एकटेपणा अशा अडचणींत योग्य ठिकाणी पोहोचविण्याचे. ते सारेच शिकलेले समाजकार्यकर्ते नाहीत. पण उचललेली खुर्ची दाराशी परत मांडावी लागली, हे खरे.

आता आपल्या घराकडे वळू. मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन गृहस्थांनी नागपाड्याच्या गरीब वस्तीत नेबरहूड हाउस चालविले, आणि त्यांच्याच संचालकत्वाखाली १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावे समाजकार्याची शाळा निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हिंदुस्थानातील पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता नेमला गेला. म्हणजे आपणही उशीर केला नाही. १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली, आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली ती पॅनेल डॉक्टरांसह. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्याप्रमाणेच येथेही औषधपाणी आधी कामगाराला, कुटुंबाला ते मागाहून मिळाले. परंतु रुग्णालयात समाजकार्यकर्ता आणि पेठेत पॅनेल डॉक्टर, ही दोन माणसे येथे एका दाराशी आली नाहीत.

ती एकत्र आली तर काय होते, याचे उदाहरण आमच्या पाहण्यातले आहे. एका यंत्रमाग कामगाराला क्षय झाला. दोन महिने गोळ्या घेतल्या, खोकला थांबला, तिसऱ्या महिन्यात गोळ्या बंद. डॉक्टर सज्जन; पण त्यांना वाटले, माणूस अडाणी आहे, बरे वाटले म्हणून सोडले. आमच्या युनियनची एक कार्यकर्ती त्याच्या खोलीवर गेली. तेव्हा त्याची बायको म्हणाली, “ताई, गोळी घेतली की त्यांना मळमळतं. रात्रपाळीला माग सोडून बाहेर गेले तर कापडात दोष येतो न् मजुरी कापतात. उचल घेतलेली हाय. डॉक्टरसायबांना हे कसं सांगायचं?” कार्यकर्तीने ते सांगितले. डॉक्टरांनी गोळ्यांची वेळ बदलली आणि त्या जेवणानंतर घ्यावयास सांगितल्या. युनियनने पाळी बदलून घेतली. शिध्याची तजवीज वस्तीने केली. औषधाचा क्रम पुरा झाला. या तीन कामांतले एकच डॉक्टरच्या हातचे होते.

शिध्याचे महत्त्व ही आमची भाबडी समजूत नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झारखंडातील मोठ्या अभ्यासात क्षयरोग्याच्या घरच्या माणसांना पोषक शिधा दिला, तेव्हा त्या घरांत क्षयाचे नवे रोगी ३९ टक्क्यांनी कमी निघाले. ज्याच्या घरात चूल कशी पेटते हे ठाऊक असेल, तोच हे औषध पोहोचवू शकतो.

आणि पगाराच्या प्रश्नाचे आपल्याकडचे उत्तरही इतिहासात आहे. छत्तीसगडमधील दल्ली राजहरा येथे लोखंडाच्या खाणीतील मजुरांची, शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील युनियन होती. १९७७ च्या जूनमध्ये गोळीबारात तिचे अकरा जण पडले. त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी स्वतःच्या वर्गणीने आणि श्रमाने रुग्णालय उभारले आणि ३ जून १९८३ रोजी ते सुरू केले. त्याचे नाव शहीद हॉस्पिटल. बाहेरून आलेल्या डॉक्टरांबरोबर खाणमजूरच आरोग्यकार्यकर्ते म्हणून शिकून तयार झाले. रोग्याच्या घराची चौकशी करावयास त्यांना जावे लागत नसे. ते त्याच वस्तीत राहत. तेथे खुर्चीचा खर्च रोग्यांच्या वर्गणीतून निघाला, म्हणून खुर्चीवरचा माणूस रोग्यांना जबाबदार राहिला.

लंडनची पहिली खुर्ची दान अडविणाऱ्यांच्या पैशाने आली, बोस्टनची एका डॉक्टरच्या कनवाळूपणाने, पुढे खात्यांच्या अंदाजपत्रकांतून. कनवाळू डॉक्टर निवृत्त होतो, अंदाजपत्रक कापले जाते. म्हणून आमचे म्हणणे व्यवहाराचे आहे. आपल्या गावात चांगले कुटुंबडॉक्टर आहेत, समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या मुली आणि मुलगे आहेत, आणि कामगारांच्या, विणकरांच्या, बिडी वळणाऱ्या बायांच्या संघटना आहेत. सरकारने आपले कर्तव्य करावे यासाठी आपण भांडतच राहू. पण तोवर चार डॉक्टरांनी मिळून एका खोलीची जागा द्यावी, संघटनांनी आणि या सभागृहात बसलेल्यांनी दरमहा ठरावीक वर्गणी द्यावी, आणि एक कार्यकर्ती नेमावी. तिचा हिशोब दर वर्षी या व्याख्यानमालेच्या सभेत, ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्यासमोर वाचला जावा. आमच्या युनियनने आपला वाटा काढून ठेवण्याचा ठराव केलेला आहे. डॉक्टरमंडळींपैकी जे येथे उपस्थित आहेत, त्यांनी व्याख्यान संपल्यावर आम्हांस भेटावे, ही विनंती.